सफरचंदं, नाशपाती आणि मातृभाषेचा हक्क

बोस्नियात 'इतिहास' या विषयाला तीन नावं आहेत. बोस्नियाक मुलाच्या वेळापत्रकात तो 'हिस्तोरिया' असतो, सर्ब मुलाच्या वेळापत्रकात 'इस्तोरिया' आणि क्रोएट मुलाच्या 'पोव्हियेस्त'. पहिल्या दोन शब्दांत फरक एका 'ह'चा. आपल्याकडे एका गावात 'इथं' म्हणतात आणि नदीपलीकडे 'हितं', तेवढाच. पण त्या 'ह'साठी वेगळं पुस्तक छापलं जातं, वेगळा शिक्षक नेमला जातो, आणि काही गावांत तर एकाच शाळेच्या इमारतीत मुलं वेगवेगळ्या दारांनी आत जातात.

'एका छपराखाली दोन शाळा' हे या व्यवस्थेचं तिथलं रूढ नाव. युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेनं 2018 मध्ये मोजदाद केली तेव्हा अशा 28 जागा आणि 56 शाळा भरल्या, सगळ्या तीन कॅन्टनांमध्ये. कॅन्टन म्हणजे ढोबळमानाने जिल्हा, पण स्वतःचं मंत्रिमंडळ असलेला. इमारत एक, मुख्याध्यापक दोन, शिक्षकखोल्या दोन, अभ्यासक्रम दोन. कुठे एक शाळा सकाळी भरते आणि दुसरी दुपारी. कुठे दोन्ही एकाच वेळी भरतात, पण मजले वेगळे आणि मधली सुट्टीही वेगळ्या वेळी. एका बाजूला बोस्नियाक मुलं, म्हणजे परंपरेनं मुस्लिम. दुसऱ्या बाजूला क्रोएट, म्हणजे कॅथलिक. (देशातला तिसरा समाज सर्ब, म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती.) असं का, हे विचारलं की उत्तर तयार असतं: प्रत्येक मुलाला मातृभाषेतून शिकायचा हक्क आहे.

मातृभाषेतून शिक्षण म्हटलं की मराठी वाचकाची मान आपोआप डोलते. माझीही डोलते. सीमाभागातल्या मराठी शाळांचा प्रश्न ऐकतच आपण मोठे झालो, आणि राज्यघटनेतल्या 350 अ कलमाचा दाखला आपल्या भाषणांत हमखास येतो. त्यामुळे बोस्नियातल्या या शाळांबद्दल वाचताना आपली सहानुभूती पहिल्या झटक्यात चुकीच्या जागी जाऊन बसते. ती तिथून उठवायची तर एक साधा प्रश्न विचारावा लागतो. हा हक्क मुळात कशासाठी?

पहिलीतल्या पोराला बाई काय म्हणतायत ते कळावं, यासाठी. घरात फक्त मराठी ऐकलेलं मूल थेट कन्नड वर्गात बसवलं तर ते गणितात कच्चं ठरतं, आणि दोष गणिताचा नसतो. कोसोवोत 1990 च्या दशकात याहून वाईट घडलं. बेलग्रेडच्या, म्हणजे सर्बियाच्या, सरकारनं आपला अभ्यासक्रम लादला, तो न मानणाऱ्या अल्बेनियन शिक्षकांना कामावरून काढलं, मुलांना इमारतींबाहेर काढलं, आणि मग कित्येक वर्षं अल्बेनियन मुलं लोकांच्या घरांमध्ये, तळघरांमध्ये शिकली. अल्बेनियन आणि सर्बियन या भाषा एकमेकींना अजिबात उमगत नाहीत. तिथे मातृभाषेचा हक्क भाकरीइतका खरा होता.

देशाच्या दक्षिणेकडच्या हर्जेगोविनातल्या स्तोलात्समध्ये किंवा चाप्ल्यिनामध्ये तसं काहीही नाही. तिथल्या क्रोएट मुलाला बोस्नियाक बाईंचा शब्द न् शब्द कळतो. पावाला एक जण 'क्रुह' म्हणेल आणि दुसरा 'ह्ल्येब'. हजाराला एक 'तिसुचा' तर दुसरा 'हिल्यादा'. आगगाडी एकाची 'व्लाक', दुसऱ्याची 'वोज'. कॉफीची तर गंमतच आहे: क्रोएट ती 'कावा' पितो, सर्ब 'काफा' आणि बोस्नियाक 'कह्वा'. रसायनशास्त्रात ऑक्सिजन 'किसिक' की 'किसेओनिक' यावरून शिक्षक अडून बसू शकतो, पण ज्याला एक शब्द येतो त्याला दुसरा ऐकून माहीत असतोच. महिन्यांची नावं क्रोएशियनमध्ये जुनी स्लाव्हिक आहेत, बाकीच्यांत लॅटिनवरून आलेली. ती यादी बारा शब्दांची. व्याकरण जवळपास तेच, वाक्यरचना तीच, शिव्याही त्याच.

सिगारेटच्या पाकिटाची गोष्ट तिथे सगळेच सांगतात. तिन्ही भाषांना समान मान द्यायचा म्हणून 'धूम्रपान जीव घेतं' हा इशारा पाकिटावर तीनदा छापला गेला. दोन ओळी लॅटिन लिपीत, अक्षरशः एकसारख्या. तिसरी सिरिलिक लिपीत, शब्द तेच. हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयाला अशी चैन परवडणारी नव्हती. त्यांनी भाषांतरासाठी तिन्ही भाषांचा एकच विभाग ठेवला आणि त्या भाषेला 'बी-सी-एस' असं सरकारी फाइलीत शोभेल असं नाव दिलं. ज्या पुढाऱ्यांनी या भाषा वेगळ्या असल्याची भाषणं केली, त्यांनी आपल्यावरचे खटले दुभाषांकडून त्या एकाच भाषेत ऐकले. दुभाषा बदलून मागायची वेळ खरं तर यायला नको होती. तरी काहींनी नावाचा वाद तिथेही उकरून पाहिला.

भाषेचं नाव कशावरून ठरतं, ते 2013 च्या जनगणनेत दिसतं. बोस्नियाक 50.1 टक्के, सर्ब 30.8, क्रोएट 15.4. आणि मातृभाषा? बोस्नियन 52.9, सर्बियन 30.8, क्रोएशियन 14.6. भाषेच्या आणि वंशाच्या सीमा सहसा इतक्या सुबकपणे जुळत नाहीत. त्या जुळल्या, कारण लोकांनी दुसरा रकाना पहिल्याकडे बघून भरला.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग प्रश्न सुटला. भाषा एकच आहे असं जाहीर करा आणि भिंती पाडा. हे उत्तर मला पुरत नाही. 'तुमची आणि आमची भाषा एकच' हे वाक्य प्रेमळ वाटतं, पण ते बहुतेक वेळा मोठ्या घराच्या ओसरीवरून बोललेलं असतं. गोव्यात 'कोंकणी ही मराठीची बोली' असं म्हणणारे आपण होतो. 1975 मध्ये साहित्य अकादमीनं कोंकणीला स्वतंत्र भाषा मानलं तेव्हा आपल्यातल्या अनेकांना ते रुचलं नव्हतं. आपण व्याकरणाचे दाखले देत होतो. समोरच्याला त्यात व्याकरणाहून वेगळं काही ऐकू येत होतं.

बाल्कनमध्येही हेच घडलं. सुरुवात छान होती. 1850 मध्ये व्हिएन्नात सर्ब आणि क्रोएट पंडित एकत्र आले, सर्ब भाषासुधारक वुक काराजिच त्यांत होते, आणि सगळ्यांनी मिळून एकाच बोलीच्या पायावर साहित्यभाषा उभारायची असं ठरलं. ती बोली पूर्व हर्जेगोविनातली. आज क्रोएशियन, सर्बियन, बोस्नियन आणि मॉन्टेनेग्रिन या चारही प्रमाणभाषा त्याच बोलीवर उभ्या आहेत, आणि ज्या स्तोलात्समध्ये मुलांना भाषेच्या नावाखाली वेगळं बसवतात ते गावही त्याच मुलखातलं. म्हणजे चौघींचं माहेर एकच, आणि भांडण त्या माहेरच्या अंगणात.

पुढे युगोस्लाव्हियात, म्हणजे हे सगळे ज्यात होते त्या देशात, 1954 साली, नोव्ही साद इथे करार झाला: भाषा एक, उच्चार दोन, लिपी दोन, आणि अधिकृत नावात सर्बियन व क्रोएशियन दोन्ही असलीच पाहिजेत. कागदावर निर्दोष. व्यवहारात युगोस्लाव केंद्राची कचेरी बेलग्रेडला, लष्कराची आज्ञाभाषा बेलग्रेडच्या वळणाची, आणि 'समान' भाषेत बेलग्रेडचे शब्द जरा अधिक समान. 1967 मध्ये क्रोएशियाची राजधानी झाग्रेब इथल्या लेखक-भाषातज्ज्ञांनी क्रोएशियन साहित्यभाषेच्या नावाबद्दल आणि स्थानाबद्दल जाहीरनामा काढला, त्यावर मिरोस्लाव क्र्लेझासारख्या बड्या कम्युनिस्ट लेखकानंही सही केली आणि केंद्रीय समितीतली जागा सोडली. त्या माणसांना वेडं किंवा जातीयवादी ठरवून मोकळं होता येत नाही. आपला शब्द हळूहळू चुकीचा ठरवला जातोय, हे त्यांना दिसत होतं.

बोस्निया मात्र या भांडणात बरीच वर्षं शहाणा राहिला. शाळेत दोन्ही लिप्या शिकवत. राजधानी सारायेवोच्या 'ओस्लोबोजेन्ये' या दैनिकात पानं आलटून-पालटून लॅटिन आणि सिरिलिकमध्ये निघत. वाचणाऱ्याला पान उलटताना लिपी बदलल्याचं भानही राहत नसे. हे आठवणीतलं सोनं आहे असं मी म्हणत नाही, त्या राज्यात गप्प बसवलेल्यांची यादी लांब आहे. पण दोन लिप्या एका डोक्यात आरामात मावतात, हे मात्र तिथे सिद्ध झालं होतं.

मग युद्ध झालं. 1992 ते 1995. क्रोएट सैन्याच्या ताब्यातल्या शाळांत झाग्रेबची पुस्तकं आली, सर्ब सैन्याच्या ताब्यातल्या शाळांत बेलग्रेडची. 1995 च्या डेटन शांतता करारानं गोळीबार थांबवला, देश दोन भागांत ठेवला (बोस्नियाक-क्रोएट 'संघराज्य' आणि सर्बांचं 'रेपुब्लिका स्र्प्स्का'), आणि शिक्षण केंद्राच्या हातात ठेवलंच नाही. आज त्या देशात शिक्षण बघणारी खाती मोजली तर दहा कॅन्टनांची दहा, संघराज्याचं एक, रेपुब्लिका स्र्प्स्काचं एक आणि बर्च्को जिल्ह्याचं एक, अशी 13 होतात. देशाची लोकसंख्या 2013 मध्ये 35 लाखांच्या आसपास होती, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. केंद्रात शिक्षणमंत्रालय नाही.

'एका छपराखाली दोन शाळा' ही कल्पना कुणा कट्टर माणसाच्या डोक्यातून निघाली असेल असं वाटतं. ती निघाली शांतता राखायला आलेल्या परदेशी मंडळींच्या मदतीनं, आणि चांगल्या हेतूनं. युद्धानंतर विस्थापित बोस्नियाक कुटुंबं आपापल्या गावी परतू लागली. गाव आता क्रोएट पक्षाच्या हाती. शाळेच्या भिंतीवर वेगळे झेंडे, हातात वेगळी पुस्तकं. आई-बाप मुलांना तिथे पाठवायला तयार नव्हते. मुलं कुठे घरांत शिकत, कुठे बसनं लांबच्या गावी जात. तेव्हा तोडगा निघाला: निदान इमारतीत तरी आणा, अभ्यासक्रम तात्पुरता वेगळा राहू द्या, पुढचं पुढे बघू. त्या क्षणी ते पाऊल पुढचंच होतं. 'तात्पुरता' या शब्दाला सरकारी कागदावर किती आयुष्य असतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. त्या पहिल्या मुलांची मुलं आता शाळेत जायच्या वयाची झाली आहेत.

या व्यवस्थेचं सर्वांत प्रामाणिक समर्थन 2007 मध्ये मध्य बोस्निया कॅन्टनच्या तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी केलं. सफरचंदं आणि नाशपाती एकत्र करता येत नाहीत, असं त्या म्हणाल्या. सफरचंदं सफरचंदांबरोबर, नाशपाती नाशपातींबरोबर. गदारोळ झाला, पण मला त्या बाईंचे आभार मानावेसे वाटतात. त्यांनी भाषेचा पडदा मधे धरला नाही. मुलं वेगवेगळ्या जातीची फळं आहेत, म्हणून वेगळ्या टोपल्या. झालं.

क्रोएट बाजूचं याहून चांगलं म्हणणंही आहे, आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. ते म्हणतात: आम्ही देशात 15 टक्के. एकत्र शाळा म्हणजे प्रत्यक्षात बहुसंख्याकांची शाळा. पुस्तकात आमचे लेखक दोन आणि त्यांचे वीस. आमच्या मुलानं 'तिसुचा' लिहिलं की लाल रेघ. तीस वर्षांनी आमची मुलं चांगली बोस्नियाक होतील, फक्त नाताळ साजरा करणारी. ही भीती कल्पित नाही. 'एकात्मता' या शब्दाखाली लहान समाज गिळले गेल्याचे दाखले जगभर आहेत. म्हणून प्रश्न असा घालायला हवा, की या भीतीवर वेगळ्या दाराशिवाय दुसरा इलाज आहे का. लाल रेघ न मारणारा शिक्षक घडवणं सोपं, की दुसरी शाळा उभारणं?

याच देशातलं दुसरं टोक बघा. रेपुब्लिका स्र्प्स्कात, पूर्वेकडे, कोन्येविच पोल्ये नावाचं गाव आहे. 1995 च्या जुलैमध्ये स्रेब्रेनित्साच्या हत्याकांडाच्या वेळी जंगलातून पळणाऱ्या बोस्नियाक पुरुषांची धरपकड झाली तो हा पट्टा. वाचलेली बोस्नियाक कुटुंबं परत आली, मुलं शाळेत जाऊ लागली. शाळेत अभ्यासक्रम सर्ब. 2013 च्या सप्टेंबरात पालकांनी मुलं शाळेतून काढली. मागणी होती, भाषा, इतिहास, भूगोल असे 'राष्ट्रीय विषय' आमच्या अभ्यासक्रमाचे शिकवा. त्या हिवाळ्यात हे पालक सारायेवोत डेटन करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधीच्या कचेरीसमोर तंबू ठोकून बसले. आणि स्र्प्स्काच्या सरकारनं मुलांच्या भाषेला 'बोस्नियन' म्हणायलाच नकार दिला. प्रगतिपुस्तकावर लिहून आलं: 'बोस्नियाक लोकांची भाषा'. युक्तिवाद असा की स्र्प्स्काच्या राज्यघटनेत तेच शब्द आहेत, आणि 'बोस्नियन' म्हटलं तर साऱ्या बोस्नियावर हक्क सांगितल्यासारखं होतं.

आता बघा. संघराज्यात भाषेचं नाव पुढे करून मुलांना वेगळं काढतात, स्र्प्स्कात नाव नाकारून त्यांना हिणवतात. पहिल्या ठिकाणी हक्काचा अतिरेक वाटतो, दुसऱ्या ठिकाणी हक्काचा अभाव. पण दोन्हीकडे एकच गोष्ट घडते: मुलाच्या तोंडातल्या शब्दाचा मालक मूल नसून खातं आहे. म्हणून 'भाषा एक की तीन' हा वाद मला निरर्थक वाटतो. भाषाशास्त्रज्ञांनी तो खुशाल घालावा. आपल्या भाषेला बोस्नियन म्हणायचं, क्रोएशियन म्हणायचं की आणखी काही, हे ज्याचं त्यानं ठरवावं, आणि कुणीही त्या नावाला अवतरण चिन्हं लावू नयेत. पण त्या नावावर कुणालाही वर्गखोली मिळू नये. नाव मुलाचं, वर्ग सगळ्यांचा. 2017 च्या मार्चमध्ये सारायेवोत 'समान भाषेचा जाहीरनामा' निघाला. चारही देशांतल्या लेखक-अभ्यासकांनी सह्या केलेल्या त्या कागदात शाळांमधली भाषिक फाळणी थांबवा अशी मागणी होती, आणि आपल्या प्रमाणभाषेला हवं ते नाव द्यायला कुणाचीच हरकत नव्हती. टीका करणाऱ्यांनी अर्थात फक्त 'समान' हा शब्द वाचला.

नावाच्या पायी शाळेचं काय हसं होतं ते शेजारच्या मॉन्टेनेग्रोत बघावं. सर्बियापासून वेगळं होण्यापूर्वीच, 2004 मध्ये, तिथे 'सर्बियन भाषा' हा विषय 'मातृभाषा' झाला. विरोध करणाऱ्या काही शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. पुढे देश स्वतंत्र झाला, 2007 च्या घटनेत मॉन्टेनेग्रिन ही राजभाषा झाली, वर्णमालेत दोन नवी अक्षरं आली आणि एकूण 32 झाली. 2011 मध्ये तडजोड होऊन विषयाचं नाव ठरलं ते असं: 'मॉन्टेनेग्रिन-सर्बियन, बोस्नियन, क्रोएशियन भाषा आणि साहित्य'. वहीच्या लेबलवर हे मावत कसं असेल, हा माझा खरा प्रश्न आहे. तरी एक मान्य करायला हवं. नाव कितीही बेढब झालं, तरी तिथे मुलं त्या नावाखाली एकाच बाकावर बसली.

बोस्नियातलं भांडण भाषेसाठी नाहीच असं मला वाटतं. भाषा ही किल्ली आहे. आत जायचंय ते इतिहासाच्या खोलीत. 'राष्ट्रीय विषयांचा गट' असा तिथला परिभाषेतला शब्द आहे, त्यात भाषेच्या शेपटाला इतिहास, भूगोल आणि धर्म बांधलेले आहेत. 1914 मध्ये सारायेवोत ऑस्ट्रियाच्या युवराजावर, आर्चड्यूकवर, गोळी झाडणारा गाव्रिलो प्रिन्सिप सर्ब वर्गात स्वातंत्र्यवीर आहे. इतर दोन वर्गांतल्या पुस्तकांत तो दहशतवाद्याच्या जवळ जातो. एकच शहर, एकच पूल, एकच पिस्तूल. आणि 1992 चं काय? युरोप परिषदेच्या संसदीय सभेनं 2000 मध्ये शिफारस केली होती की या युद्धाबद्दल शाळेत सध्या शिकवूच नये. तिन्ही बाजूंचे इतिहासकार थोडे शांत होऊ देत. हेतू पुन्हा चांगला. पण जे शाळेत शिकवत नाहीत ते घरी शिकवलं जातं, जेवणाच्या टेबलावर, दफनभूमीत, चर्चच्या आणि मशिदीच्या अंगणात, आणि तिथे दुसऱ्या बाजूचं पोर हात वर करून 'पण माझे आजोबा...' असं म्हणायला नसतं.

साहित्याची वाटणी त्याहून केविलवाणी. 1961 चं नोबेल मिळवणारे इव्हो आंद्रिच त्राव्हनिकजवळ क्रोएट कॅथलिक घरात जन्मले, बेलग्रेडमध्ये स्थायिक झाले, स्वतःला सर्ब साहित्यिक मानू लागले आणि आयुष्यभर बोस्नियाबद्दल लिहीत राहिले. त्यांना कोणत्या टोपलीत टाकायचं? कादंबरीकार मेशा सेलिमोविच तुझ्लाच्या मुस्लिम घरातले, आणि आपण सर्ब साहित्याचे आहोत असं लिहून ठेवून गेले. सफरचंद की नाशपाती? ज्या त्राव्हनिकला आंद्रिचचं जन्मघर म्हणून दाखवलं जातं, त्याच गावातली शाळा दोन भागांत वाटली गेली आहे.

एवढं सगळं उघड असून ते चालू का राहतं? न्यायालय म्हणालं नाही असं नाही. स्तोलात्स आणि चाप्ल्यिनाच्या शाळांबद्दल एका मोफत कायदेसेवा संस्थेनं दावा लावला आणि 2014 मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं हा भेदभाव आहे असा निवाडा दिला. शाळा तशाच राहिल्या. कारण शाळेला दोन मुख्याध्यापक म्हणजे दोन नेमणुका, दोन शिक्षकवर्ग, दोन कचेऱ्या, दोन शिपाई. उद्योग बंद पडलेल्या गावात सरकारी पगार देणारी जागा शाळाच, आणि त्या जागा पक्ष वाटतो. 'शिक्षणसम्राट' हा शब्द ज्या भाषेनं घडवला, तिच्या वाचकांना यापुढचं समजावून सांगायला नको. राष्ट्र, अस्मिता, भाषा हे शब्द खोटे आहेत असं मी म्हणत नाही. लोकांच्या मनात ते खरे असतात. पण ते शब्द शाबूत ठेवायचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांना त्याचा पगार मिळतो, एवढं लक्षात ठेवावं.

या सगळ्यात शिकणं कुठे गेलं, हेही बघू. पिसा, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी, तिच्यात 2018 मध्ये बोस्निया पहिल्यांदाच उतरला. वाचनात 403 गुण. श्रीमंत देशांच्या संघटनेची सरासरी 487, शेजारच्या क्रोएशियाचे 479, सर्बियाचे 439. निम्म्याहून अधिक मुलांना वाचनाची किमान पातळीही गाठता आली नाही. याचं खापर नुसत्या फाळणीवर फोडणं अन्यायाचं होईल, फाळणी नसलेल्या गावांतही शाळा वाईट आहेत. पण तीन नावांची भाषा जपण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या मुलांना त्यांतल्या एकाही नावाच्या भाषेत धड वाचता येत नाही, हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

आता यायत्से. धबधब्याचं गाव. 29 नोव्हेंबर 1943 च्या रात्री, जर्मनांच्या विमानांच्या भीतीनं काळोखातच, पार्टिझान, म्हणजे नाझींविरुद्ध लढणाऱ्या कम्युनिस्ट बंडखोरांचे, प्रतिनिधी इथे जमले आणि नव्या युगोस्लाव्हियाचा पाया घातला. ते सभागृह आता संग्रहालय आहे. त्याच गावात 2016 मध्ये कॅन्टनच्या सरकारनं ठरवलं, की माध्यमिक शाळेत एकत्र शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळी बोस्नियाक शाळा काढायची. क्रोएट आणि बोस्नियाक पक्षांचं यावर छान जमलं, ज्यांचं एरवी कशावरच जमत नाही. मुलांचं जमलं नाही. दोन्ही समाजांची पोरं मिळून रस्त्यावर उतरली, पुढच्या वर्षी त्राव्हनिकला कॅन्टनच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि सरकारला बेत सोडावा लागला. 2018 मध्ये त्यांना युरोपातला माक्स व्हान डेर स्टूल पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा मला त्या मुलांच्या मागणीचं अप्रूप वाटतं. त्यांनी नवं काही मागितलंच नव्हतं. जसं आहे तसं राहू द्या, एवढंच.

आणि 'व्यवहारात हे शक्य नाही' म्हणणाऱ्यांसाठी बर्च्को. डेटनमध्ये कुणाला द्यायचा हे ठरेना म्हणून 1999 च्या लवादानं हा भाग संघराज्य आणि स्र्प्स्का या दोघांपैकी कुणा एकालाच दिला नाही. 2000 मध्ये त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. तिथे तिन्ही समाजांची मुलं एका वर्गात बसतात. तिन्ही भाषा समान, दोन्ही लिप्या समान. शिक्षक आपल्या वळणानं बोलतो, मूल आपल्या वळणानं उत्तर देतं. 'क्रुह' लिहिलं तरी बरोबर आणि 'ह्ल्येब' लिहिलं तरी बरोबर. तीच ती लाल रेघ न मारण्याची युक्ती. सुरुवात गोड नव्हती; 2000 च्या शरदात तिथे एकत्र शाळेच्या विरोधात विद्यार्थ्यांचे मोर्चे निघाले, तोडफोड झाली. शेवटी आंतरराष्ट्रीय पर्यवेक्षकानं, म्हणजे एका अमेरिकी मुत्सद्द्यानं, आपला अधिकार वापरून ते रेटलं. लोकशाहीच्या चाहत्याला हे खुपेल. मलाही खुपतं. निवडून आलेल्यांनी भिंत बांधली आणि निवडून न आलेल्यानं ती पाडली, यावर माझ्याकडे नीटसं उत्तर नाही. एवढंच म्हणतो की वीस वर्षांहून अधिक काळ तो वर्ग भरतोय आणि तिथल्या क्रोएट मुलाची क्रोएशियन भाषा काही नाहीशी झालेली नाही.

बाकीच्या गावांत भिंत आपोआप पडेलही, पण ती पटसंख्येमुळे. 1991 मध्ये या देशात जवळपास 44 लाख माणसं होती, 2013 मध्ये 35 लाख, आणि त्यानंतरही तरुण जोडपी जर्मनीला, ऑस्ट्रियाला निघून चालली आहेत. दोन्ही दारांनी आत जाणारी मुलं कमी होत आहेत.

जी व्हिएन्नाला जातात, त्यांना तिथल्या शाळेत मातृभाषेचा तास मिळतो. ऑस्ट्रिया ही सोय बऱ्याच भाषांसाठी करतो. स्तोलात्सच्या दोन दारांमधून वेगवेगळी बाहेर पडलेली दोन मुलं तिथे एका वर्गात, एका बाईंसमोर बसतात, 1850 मध्ये जिथे पंडितांनी एका भाषेचा करार केला त्या शहरात. वेळापत्रकात त्या तासाचं नाव तीन अक्षरांत लिहिलेलं असतं: बे-का-एस. बोस्नियन, क्रोएशियन, सर्बियन. मधे फक्त तिरप्या रेघा.